यंत्राचं झबलं

हवा ही सगळ्यांची असते, आणि जी वस्तू सगळ्यांची असते तिच्यावर लक्ष ठेवायला एक पगारी माणूस नेमावा लागतो, नाहीतर तिचे हाल कुत्रं खात नाही. हे सत्य जगाला उशिरा कळलं. वीजकंपनीला ते वसाहत बांधतानाच कळलं होतं. म्हणून तिने एक चिमणी, तीनशे बारा घरं, एक शाळा, एक दवाखाना, एक विश्रामगृह आणि एक हवामोजणीदार एवढी तरतूद एका दमात करून टाकली. (चिमणी सर्वांत आधी उभी राहिली. मोजणीदाराची जागा सर्वांत शेवटी भरली. मधल्या चार वर्षांत हवा कशी होती याची नोंद नाही, म्हणजे ती चांगलीच असणार.)

वसाहतीची रचना अभ्यासण्यासारखी आहे. मधोमध कारखाना. त्याच्या एका अंगाला छोटी टेकडी. टेकडीवर विश्रामगृह आणि साहेबांच्या बंगल्यांची ओळ. तिला सगळे ‘वरची ओळ’ म्हणतात. कारखान्याच्या दुसऱ्या अंगाला सपाटीवर सहा ओळी. त्यांत बाकीचे सगळे राहतात. वारा वर्षातले दहा महिने टेकडीकडून सपाटीकडे वाहतो. यात कंपनीचा काही हात नाही. वाराच शिस्तीचा आहे. त्यामुळे चिमणीतून निघालेली राख हुद्द्याप्रमाणे पडते: फिटरच्या घरावर फिटरला शोभेल एवढी, हेल्परच्या घरावर त्याहून थोडी जास्त, आणि मुख्य अभियंत्याच्या बंगल्यावर अजिबात नाही. उरलेल्या दोन महिन्यांत वारा उलटा फिरतो. त्या दोन महिन्यांत वरच्या ओळीतली मंडळी रजेवर जातात.

राखेचा बंदोबस्त करण्यासाठी कंपनीने पर्यावरण विभाग काढला. त्याचे प्रमुख पर्यावरण अधिकारी. (विश्रामगृहाचा स्वयंपाक आणि हिरवळ हीही खाती त्यांच्याकडेच होती.) त्यांनी पहिल्याच वर्षी एक मूलभूत शोध लावला. राख फक्त पांढऱ्यावर दिसते. काळ्यावर दिसत नाही, करड्यावर तर नाहीच नाही. म्हणजे तक्रारींचं मूळ राखेत नसून पांढऱ्या रंगात आहे. झालं! शाळेचे पांढरे सदरे गेले, करडे आले. घरांना बाहेरून ‘शांत करडा’ नावाचा रंग लागला. दवाखान्यातल्या चादरी, शिपायांच्या टोप्या, विश्रामगृहाचे सोडून सगळीकडचे पडदे करडे झाले. सकाळी सात ते संध्याकाळी पाच कपडे बाहेर वाळत घालायला मनाई झाली. त्या एका वर्षात राखेच्या तक्रारी एक्याण्णव टक्क्यांनी घटल्या. उरलेल्या नऊ टक्के तक्रारी एका म्हाताऱ्या गवंड्याच्या होत्या. पुढे तो मेला, आणि यश पूर्ण झालं.

हे सगळं लोकशाही पद्धतीने झालं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. कंपनी कुठलीही गोष्ट लोकांना विचारल्याशिवाय करत नाही. फाटकाजवळ काचेचा फलक आहे. त्यावर सूचना लागते, आणि प्रत्येक सूचनेच्या तळाशी एकच ओळ असते: ‘सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास सूचना वाचणाऱ्या सर्वांची संमती आहे असे समजण्यात येईल.’ हरकतीची वही सुरक्षा चौकीतल्या कपाटात असते. कपाटाची किल्ली सुरक्षा अधिकाऱ्यांकडे असते. सुरक्षा अधिकारी फेरीवर असतात. काचेवर राख बसते म्हणून लोक बाहीने काच पुसून सूचना वाचतात, मान हलवतात आणि कामावर जातात. बाही करडीच असते.

आता मोजणीदाराकडे येऊ.

मोजणीदार एक्कावन्न वर्षांचा, काटकुळा, आणि इतका प्रामाणिक की रेशनच्या रांगेत कोणी त्याला पुढे घेतलं तरी तो पुन्हा मागे जाऊन उभा राहायचा. चौथ्या ओळीत, घर क्रमांक एकशे नव्वदमध्ये, तो आणि त्याची बायको राहायची. अकरा वर्षांपूर्वी तो कामावर रुजू झाला, तेव्हा निवृत्त होणाऱ्या जुन्या मोजणीदाराने त्याच्या हाती तीन वस्तू सोपवल्या: शाळेच्या गच्चीची किल्ली, नोंदवही, आणि झबलं.

झबलं म्हणजे यंत्राचं आवरण. शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसवलेलं आहे. ते एका तोंडाने हवा ओढतं, आतल्या कागदावर गाळतं आणि किती घाण सापडली ते काट्याने दाखवतं. शंभराच्या आत काटा असला की हवा चांगली. पण यंत्र महागाचं. त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत पान चारवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘हे यंत्र नाजूक असून धूळ, राख व ओलावा यांपासून त्याचे संरक्षण करावे.’ जुना मोजणीदार पुस्तिका वाचणारा माणूस होता. त्याने जाड पडद्याचं कापड आणलं, त्याच्या बायकोने झबलं शिवलं, गळ्याशी नाडी घातली, आणि काटा दिसावा म्हणून पुढे प्लास्टिकची छोटी खिडकीही बसवली. झबलं चढवल्यापासून यंत्राला एकदाही सर्दी झाली नाही. काटा रोज अडतीस ते बेचाळीसच्या दरम्यान. विजेच्या धंद्यात एवढी स्थिर वस्तू दुसरी नाही. (वसाहतीतली वीजसुद्धा रोज दोन तास जाते. दिव्याखाली अंधार असायचाच. त्यात कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही.)

आपल्या मोजणीदाराला यात कधी काही खटकलं नाही. तो लबाड होता असं कोणी समजू नये. लबाड माणसाला आपण काय झाकतोय ते माहीत असतं. हा बापडा यंत्राला जपत होता. रोज सकाळी साडेसहाला तो गच्चीवर जाई, बाहीने खिडकी पुसे, वाकून काटा बघे, आणि शाईच्या पेनाने सुबक अक्षरात लिही: ‘४०.’ अकरा वर्षांत एकही खाडाखोड नाही. दर पंधरा दिवसांनी तो झबलं घरी आणून मागच्या पायरीवर आपटायचा. प्रत्येक खेपेला त्यातून पसाभर राख पडायची, आणि प्रत्येक खेपेला त्याला समाधान वाटायचं की ही सगळी यंत्रात गेली असती.

बायको मात्र खोकायची. आठ वर्षं खोकत होती. सुरुवातीला सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग बोलता बोलता. एका वाक्यात दोनदा थांबायची. “छातीत कोणी पिठाची गिरणी टाकलीय,” म्हणायची, “आणि बाई, पीठ न्यायला काही कोणी येत नाही.” मोजणीदार तिला काढे करून द्यायचा, पाठ चोळायचा, आणि सकाळी जाऊन ‘४०’ लिहायचा. दोन्ही कामं तो मनापासून करायचा.

तर एका रविवारी तो झबलं घेऊन आला, तेव्हा ती मागच्या पायरीवरच बसली होती.

“अहो, हे काय आणलंत? कोणाचं प्रेत?”

“यंत्राचं झबलं आहे. दर पंधरवड्याला आणतो की.”

“आणि नुसतं झाडता? अकरा वर्षं? कधी धुतलं नाही?”

“धुवा असं पुस्तिकेत नाही.”

“पुस्तिकेत आंघोळ करा असंही नाही. मग? इकडे द्या ते.”

तिने ते त्याच्या हातून ओढून घेतलं आणि बादलीत टाकलं. पाणी काळं झालं. दुसरी बादली काळी झाली. तिसरी काळी झाली. चौथ्या बादलीला कापडावर निळी फुलं दिसायला लागली. झबल्यावर फुलं आहेत हे मोजणीदाराला त्या दिवशी कळलं.

ती दम घेत घेत त्या फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “एवढं सगळं हे कापड पितं... आणि यंत्राला काय मिळतं?”

“यंत्र सुरक्षित राहतं,” मोजणीदार म्हणाला.

“आणि मला कोणी झबलं शिवलं नाही,” ती म्हणाली आणि खोकायला लागली.

झबलं न्हाणीघरात दोरीवर टाकलं, कारण दिवसा कपडे बाहेर वाळत घालायला मनाई. सकाळपर्यंत ते काही वाळलं नाही. जाड कापड, टपटपत होतं. आता इथे मोजणीदारापुढे पेच पडला. झबलं घालावं तर ओलावा, न घालावं तर राख. दोन्हींपासून जपायला सांगितलेलं. त्याने खूप विचार केला. राख काय, झटकता येते. ओलावा आत गेला तर यंत्र गंजतं. म्हणून सोमवारी सकाळी अकरा वर्षांत पहिल्यांदा मोजणीच्या वेळी यंत्र उघडं राहिलं, आणि काटा सहाशे बारावर गेला.

मोजणीदाराने यंत्राला टिचकी मारली. काटा हलला नाही. त्याने चष्मा पुसला. सहाशे बारा. खाली शाळेच्या मैदानात करडे सदरे घातलेली पोरं रांगेत उभी राहून दीर्घ श्वसनाचा व्यायाम करत होती. त्याने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग वही उघडली. खोटं कसं लिहायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने लिहिलं: ‘६१२.’

त्याच दुपारी बायकोला धाप लागली, ती थांबेना. ओठ निळे पडले. शेजारच्या वेल्डरने स्कूटरवर मध्ये बसवून तिला दवाखान्यात नेलं.

कंपनीचा दवाखाना नमुनेदार आहे. तिथे आजारांचा छापील तक्ता असतो. डॉक्टरांनी फक्त खूण करायची. तक्त्यात चौदा आजार आहेत. पूर्वी पंधरा होते. पंधरावा खोकला. एका समितीने अभ्यास करून ठरवलं, की हवा चाळीसच्या आसपास असताना खोकल्याला कारण उरत नाही, आणि कारण नसलेला आजार तक्त्यात ठेवणं बरं दिसत नाही. तेव्हापासून खोकणाऱ्यांची नोंद ‘स्वभाव’ या सदरात होते. वसाहतीतल्या एक हजार चारशे माणसांपैकी आठशे साठ जणांचा स्वभाव आहे.

डॉक्टर दमलेला माणूस होता. त्याने तिला नळी लावली, तासभर बसला, मग तक्ता बाजूला सारून मोजणीदाराला म्हणाला, “वहिनींना आता औषध पुरे पडणार नाही. पत्ता बदलायला हवा. टेकडीवर घर मिळालं तर निभेल.”

“आणि इथेच राहिलो तर?”

“दोन हिवाळे,” डॉक्टर म्हणाला. “दुसरा जरा ओढूनताणून.”

टेकडीवर घर मिळायची सोय नियमात आहे, नाही असं नाही. नियम सतरा: ‘प्रकृतीच्या कारणास्तव निवासबदल.’ अट एकच. ज्या दिवशी प्रकृती बिघडली त्या दिवशी वसाहतीची हवा मर्यादेबाहेर होती, असं अधिकृत नोंदवहीतून सिद्ध करावं लागतं. अकरा वर्षांत हे कोणाला जमलं नव्हतं. मोजणीदाराने घरी येऊन नियम दोनदा वाचला. सोमवार. सहाशे बारा. शाईने लिहिलेलं. त्याने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, नोंदवहीची नक्कल जोडली, आणि मंगळवारी आवक खिडकीत नेऊन दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हात त्याचा होता आणि श्वास तिचा होता.

बुधवारी समिती बसली. पर्यावरण अधिकारी, सुरक्षा अधिकारी आणि क्रीडा सचिव असे तिघे. विश्रामगृहात चहा आणि चार प्रकारच्या बिस्किटांसह त्यांनी तीन दिवस प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. निष्कर्ष असे निघाले: सोमवारी हवा नेहमीसारखीच होती. यंत्रही नेहमीसारखंच होतं. बदल फक्त एक झाला होता, तो म्हणजे झबलं धुतलं गेलं. सबब, सोमवारच्या प्रदूषणाचं कारण अर्जदाराच्या पत्नीने केलेलं धुणं हे होय. (क्रीडा सचिवांनी या निष्कर्षाला वेगळं मत जोडलं. त्यांच्या मते निरमा जास्त वापरला असावा.)

शनिवारी पर्यावरण अधिकाऱ्यांनी मोजणीदाराला बोलावलं. खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“अहो, तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती,” साहेब मायेने म्हणाले. “उघड्या यंत्राचा आकडा धरतात का? उद्या तुम्ही उघड्यावर आंघोळ कराल.”

“साहेब, काटा सहाशे बारावर होता. मी बघितला.”

“काटा होता, मी कुठे नाही म्हणतो? पण काटा म्हणजे आकडा नव्हे. आकडा म्हणजे नियमाप्रमाणे घेतलेला काटा. तुम्ही पान चार वाचलं नाहीत?”

पान चार मोजणीदाराला पाठ होतं.

“तुमचा अर्ज नामंजूर करावा लागेल,” साहेब म्हणाले. मग खणातून एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. “पण कंपनी माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. यावर सही करा. ‘सोमवारची नोंद झबल्याच्या अभावी झालेली चूक आहे, झबल्याशिवाय घेतलेला कोणताही आकडा ग्राह्य धरू नये, वसाहतीची हवा अकरा वर्षं चाळीसच्या आसपासच आहे.’ बस. स्वच्छ हवेच्या अखंड सेवेबद्दल कंपनी तुमचा गौरव करेल. टेकडीवर एक छोटं घर रिकामं आहे, विश्रामगृहाच्या मागे. ते गौरवात देता येतं.”

म्हणजे हवा वाईट आहे असं सिद्ध केलं तर चांगल्या हवेतलं घर मिळणार नव्हतं, आणि हवा चांगली आहे असं लिहून दिलं तर मिळणार होतं. हे ऐकायला उलटं वाटतं. पण जरा थांबून बघितलं तर जगातली बहुतेक चांगली घरं अशीच मिळालेली असतात.

मोजणीदार कागद घेऊन घरी आला. बायको उशा रचून बसली होती. त्याने तिला वाचून दाखवला.

“तुमचं काय मत?” तिने विचारलं.

“अकरा वर्षांत मी खोटं लिहिलं नाही.”

“नाही ना? रोज चाळीस लिहिलंत.” ती थांबली, श्वास घेतला. “अहो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तुम्हाला अकरा वर्षं कळलं नाही. ते एका सोमवारी कळलं, म्हणून मी मरू का? करा सही. खरं लिहून विधुर होण्यापेक्षा खोटं लिहून नवरा राहा.”

त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही, पण साहेब म्हणाले चालेल.

गौरव समारंभ झाला. मोजणीदाराला करडी शाल आणि घराची किल्ली मिळाली. टेकडीवरचं घर दोन खोल्यांचं, पण त्याला पांढऱ्या भिंती होत्या. पहिले काही दिवस बायको सकाळी उठून भिंतीवरून बोट फिरवायची आणि बोट बघायची. काही नसायचं. महिन्याभरात खोकला उतरला. दुसऱ्या महिन्यात ती एक आख्खं वाक्य न थांबता बोलली. तिसऱ्या महिन्यात तिला भांडायला पुरेल एवढा दम आला, आणि मोजणीदाराने सुटकेचा निःश्वास टाकला. तो मात्र रोज टेकडी उतरून शाळेच्या गच्चीवर जात होता. झबलं स्वच्छ होतं, निळी फुलं दिसत होती. ‘४०.’

खालचं घर एका टर्बाइन फिटरला मिळालं. बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. मोजणीदाराची बायको राहिलेली एक बरणी आणायला तिकडे गेली. नवी बाई हौशी होती. तिने पोरीचे कपडे घरातच दोरीवर टाकले होते, सगळे पांढरे. अजून करडे व्हायचे होते. पोरगी जमिनीवर रांगत होती आणि तिचे तळहात काळे होते.

“काकू, तुम्ही इथे इतकी वर्षं काढलीत,” नवी बाई म्हणाली. “पाणी कसं आहे हो इथलं?”

“पाणी छान आहे,” मोजणीदाराची बायको म्हणाली आणि बरणी घेऊन निघाली. टेकडी ती एका दमात चढली. वर आल्यावर तिला त्याचीच लाज वाटली. त्या दिवशी ती नवऱ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि दम तर होता.

चौथ्या महिन्यात फलकावर सूचना लागली.

शहरात विजेची मागणी वाढल्यामुळे दुसरी चिमणी बांधण्याचं ठरलं होतं. हवेला ती झेपेल का, याचा शास्त्रीय अभ्यासही झाला होता. शंभरापर्यंत परवानगी, सध्याची हवा चाळीस, म्हणजे हवेत साठ टक्के जागा रिकामी पडून आहे. एवढी जागा वाया घालवणं राष्ट्राला परवडणारं नाही. पुरावा म्हणून मोजणीदाराचं सहीचं निवेदन जोडलं होतं, मोठं करून, चौकटीत. दुसऱ्या चिमणीची जागा: टेकडीच्या पलीकडे. तिथून दहा महिने वारा आधी टेकडीवर येणार, मग सपाटीवर जाणार. (वरच्या ओळीतल्या साहेबांना शहरात नवी घरं मिळणार होती. तसं दुसऱ्या सूचनेत होतं, ती फलकावर लावायची गरज नव्हती.)

मोजणीदाराने काच पुसून पुसून सूचना वाचली. आपली सही त्याने लगेच ओळखली.

“आगीतून उठलो आणि फुफाट्यात पडलो,” तो घरी येऊन म्हणाला.

“आपण पडलो नाही, आपण पायरी बांधून उतरलो,” बायको म्हणाली. “वही कुठे असते ती हरकतीची?”

“कपाटात. किल्ली सुरक्षा अधिकाऱ्यांकडे. ते फेरीवर असतात.”

“मला आता दम आहे. बसते मी चौकीत.”

ती पाच दिवस बसली. रोज सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची. पाचव्या दिवशी सुरक्षा अधिकारी फेरीवरून परत आले, कारण त्यांचं जेवण चौकीत होतं. वही उघडली तेव्हा तिची पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत लिहिलं: ‘इथली हवा श्वास घ्यायला चांगली नाही. मी घेऊन पाहिली आहे. चौथ्या ओळीत आठ महिन्यांचं पोर रांगतं, तेही घेतंय.’

“पुरावा जोडा,” सुरक्षा अधिकारी म्हणाले.

“उद्या आणते.”

सहाव्या दिवशी सकाळी मोजणीदार गच्चीवर गेला. नाडी सोडली, झबलं काढलं, घडी करून काखेत घेतलं आणि अर्धा तास नुसता उभा राहिला. काटा पाचशे अठ्ठ्याऐंशीवर गेला. त्याने तो नोंदवहीत लिहिला, खाली सही केली, वेळ टाकली, आणि शेवटी लिहिलं: ‘झबलं मुद्दाम काढले आहे. रोज काढायला हवे होते.’ अक्षर पुन्हा सुबक आलं होतं.

हरकतीला जोडलेली त्या नोंदीची नक्कल साहेबांनी नीट वाचली. त्यांना राग आला नाही. रागावण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. त्यांनी खणातून जुनं निवेदन काढलं आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली: ‘झबल्याशिवाय घेतलेला कोणताही आकडा ग्राह्य धरू नये.’

“सही कोणाची आहे?”

“माझी.”

“मग? मी तुमच्यावर विश्वास ठेवू की तुमच्यावर?”

मोजणीदाराला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. घर गौरवात मिळालेलं असल्यामुळे काढून घेता येत नव्हतं. ते त्याच्याकडेच राहिलं, दुसऱ्या चिमणीच्या जागेकडे तोंड करून.

सातवा दिवस संपला आणि निकाल फलकावर लागला. नवरा-बायको दोघंही वाचायला गेली. ‘प्राप्त हरकती: एक (पुराव्याअभावी अमान्य). संमती: तीन लाख एक्केचाळीस हजार चारशे.’

“वसाहतीत चौदाशे माणसं,” बायको म्हणाली. “बाकीचे कुठून आणले यांनी? मेलेले पण धरले का?”

मोजणीदाराची सवय जाईना. त्याने आकडा बोटांवर पडताळला. कायद्याप्रमाणे सूचना शहरातल्या वर्तमानपत्रातही छापावी लागते. ती छापली होती, पान नऊवर, बारीक अक्षरांत, घरात गारवा आणणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीखाली. तो पेपर तीन लाख चाळीस हजार घरांत जातो. लोकांनी पान उलटलं, रद्दीत टाकलं, कोणी कपाटाच्या खणात अंथरलं. हरकत कोणाचीच आली नाही. चौदाशे इथले, बाकीचे तिथले. बेरीज चोख होती.

“बरोबर आहे आकडा,” तो म्हणाला. “ज्यांनी वाचलं आणि गप्प राहिले, ते सगळे यात आहेत.”

“कोण आहेत तरी कोण ही माणसं?”

त्याने बाहीने काच पुन्हा पुसली. खाली चौथ्या ओळीत ती पोरगी खोकत होती. दवाखान्यात तिची ‘स्वभाव’ म्हणून नोंद झाली होती. आठ महिन्यांत एवढा स्वभाव घडल्याचं ते पहिलंच उदाहरण.

तिसऱ्या चिमणीची सूचना तयार आहे. शहरात मागणी वाढतेच आहे. आत्ता, या क्षणी, ज्या उजेडात तुम्ही हे पान धरलं आहे, तोही त्या मागणीत धरलेला आहे. सूचनेला ही हकीकत जोडायचं ठरलं आहे, म्हणजे लोकांना सगळी माहिती दिली नाही असं कोणी म्हणायला नको. तुम्ही ती शेवटपर्यंत वाचली, त्याबद्दल कंपनी आभारी आहे. सात दिवस आजपासून धरले जातील. वही कपाटात आहे. आणि तुमचा आकडा मोजताना झबलं घालणार नाहीत.